कॅसेटच्या शेवटी वाजणारा बाजा

१९ एप्रिल, शनिवार. पहाटेच गच्चीवर चूल मांडून बिबड्यांचा घाटा शिजायला ठेवला. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून भरडायची, तिचा लसूण-मिरची-तीळ घातलेला घट्ट घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या कपड्यावर हाताने गोल थापायचा. हात भाजतो. पाण्यात बुडवायचा आणि पुढचा थापायचा. जळगावच्या एप्रिलमध्ये हे काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. त्या दिवशी तर मला आणखीच घाई होती, कारण आदल्या संध्याकाळी कुरियरने एक खोका आला होता आणि तो मी अजून उघडला नव्हता.

खोक्यात एका विलायती रॉक बँडच्या जुन्या लाइव्ह अल्बमची वाढवलेली नवी आवृत्ती होती. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की अर्धे वाचणारे मान डोलावतात आणि अर्धे पान उलटतात. चार माणसं, गिटार, बेस, ड्रम आणि एक गाणारा. समोर मोठ्या हॉलमध्ये काही हजार लोक. कार्यक्रम लागोपाठ तीन रात्री झाला होता. त्या काळी तीन रात्रींतलं निवडक उचलून दोन तबकड्यांचा अल्बम केला गेला. आता कंपनीने तिन्ही रात्री पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत, काहीही न कापता, सहा सीडींत बाहेर काढल्या होत्या. आपल्याकडे मिळत नाही म्हणून बाहेरून मागवला आणि महिनाभर रोज कुरियरवाल्याला फोन केले. आमचं ठिबकच्या पाइपांचं आणि जोडण्यांचं दुकान आहे, त्यामुळे मालाचा पाठपुरावा करायची मला सवय आहे.

खोका न उघडण्याचं कारण माझा भाऊ; तो आल्यावरच उघडायचा असं ठरलं होतं. तो माझ्याहून धाकटा, धुळ्याला असतो आणि त्याचा लग्नाचा बँड आहे. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे थोडं सांगावं लागतं. इकडे लग्न ठरलं की आधी बँडला सुपारी जाते, म्हणजे तारीख पक्की होते, आणि मग कार्यालय बघतात. टेम्पोवर भोंगे, कीबोर्ड आणि ड्रमसेट, पुढे ट्रम्पेट, त्याच्यापुढे नाचणारे. नवरदेव मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत यायला जो वेळ घेतो तेवढ्यात माणूस जळगावहून चाळीसगावला जाऊन येईल. भावाच्या बँडची ओळख म्हणजे त्याचा शेवटचा बाजा. मांडव जवळ आला की गाणी बंद, ट्रम्पेट बंद, नुसता ड्रम. हळूहळू वाढत जातो, लोक टाळ्या धरतात, म्हाताऱ्यासुद्धा उठतात, आणि ऐन रंगात कुऱ्हाड मारल्यासारखा तो थांबतो. लोक ह्याला 'विलायती फिनिशिंग' म्हणतात. दुसऱ्या बँडवाल्यांनी नक्कल करून पाहिली, जमली नाही.

तो बाजा विलायती आहे हे भावानेच सांगितलेलं होतं, आणि आम्हा दोघांना ते पक्कं माहीत होतं. आम्ही धुळ्यात कॉलेजात असताना एक कॅसेटवाला होता. कोरी कॅसेट नेऊन दिली की तो त्यावर हवं ते भरून द्यायचा. त्याच्याकडून आम्ही ह्या अल्बमची कॅसेट करून घेतली. दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं संपतं, टाळ्या पडतात, जरा खरखर होते आणि मग तो ड्रम सुरू होतो. गिटार नाही, गाणं नाही, ड्रम आणि लोकांच्या टाळ्या. तो चढत जातो आणि अगदी वर पोचल्यावर टेप संपते. खट्. बटण वर. ह्या बाजाचा शेवट आम्ही कधी ऐकलाच नाही. भावाने तो बसवला तो तिथपर्यंतच, आणि टेप थांबायची तिथेच त्याचा बँड थांबायला लागला.

त्या बाजात एक कुत्रंही भुंकतं. दोनदा. आम्ही तेव्हा ठरवून टाकलं होतं की तिकडे लोक कार्यक्रमाला कुत्री घेऊन येत असणार. मी हे कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं होतं. कुणाला शंका आली नाही.

पुढे ह्या अल्बमची सीडी मिळाली, मग सगळं फोनवर ऐकायला मिळू लागलं. कुठेही तो बाजा नव्हता. आम्ही म्हटलं, कापला असेल. लाइव्ह अल्बममध्ये कापाकापी होतेच. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, त्यात लांबलेलं सगळं कापलं जातं. आमच्या कॅसेटवाल्याला नशिबाने कुठूनतरी न कापलेली प्रत मिळाली असणार. म्हणून काहीही न कापलेल्या आवृत्तीची बातमी वाचली तेव्हा मी दुकानातूनच भावाला फोन लावला. त्याने आधी तिकडे चाललेली तालीम थांबवली. मग म्हणाला, "अक्का, म्हणजे शेवट मिळेल?"

त्याला शेवट हवा होता तो आताच हवा होता. उजवा खांदा गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ड्रम सोडा, नाहीतर हात वर जायचा बंद होईल. ह्या सीझननंतर सोडतो, असं त्याने कबूल केलं होतं. शेवटची सुपारी रविवारी भडगावची, त्याच्याच ट्रम्पेटवाल्याच्या मुलाच्या लग्नाची. ट्रम्पेटवाला त्याच्याबरोबर पहिल्यापासून आहे. भावाने त्याला शब्द दिला होता की तुझ्या पोराच्या लग्नात बाजा पूर्ण वाजवतो, अर्ध्यात तोडणार नाही. शब्द दिला तेव्हा शेवट त्याच्याकडे नव्हता. पण माझ्या खोक्यावर त्याचा भरवसा होता.

भाऊ आला तेव्हा माझे शेवटचे बिबडे थापायचे राहिले होते. आम्ही घरात अहिराणी बोलतो, इथे मराठीत लिहिते.

"खोका कुठे आहे?"

"आधी घाटा खा. तेल घालून देते."

"अक्का, मी घाटा खायला धुळ्याहून आलो का?"

"तसं नसेल तर नको खाऊ."

त्याने दोन वाट्या खाल्ल्या.

वरच्या खोलीत सीडी प्लेअर लावला. मालक, म्हणजे माझे यजमान, पेपर घेऊन तिथेच बसले होते, कारण कूलर त्याच खोलीत आहे. मी कूलर बंद केला.

"हे काय?"

"कूलरच्या आवाजात काय ऐकू येणार?"

"बाहेर त्रेचाळीस आहे," ते म्हणाले. मग भावाकडे वळून, "सालेसाहेब, तीन रात्री एकच कार्यक्रम? तीच गाणी? मग एकच रात्र नीट ऐकायची. आम्ही एक पाइप तीनदा मोजत नाही."

"दाजी, तुम्ही पाइपच मोजा," भाऊ म्हणाला.

आता शेवट आधी लावायचा की पहिल्यापासून ऐकायचं यावर आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, इतकी वर्षं थांबलोय तर रांगेने ऐकू. भावाचं म्हणणं, उद्या सकाळी भडगावला टेम्पो उभा राहणार आहे, रांग तू नंतर लाव. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पहिल्या रात्रीची दुसरी सीडी लावून शेवटावर गेलो. शेवटचं गाणं, टाळ्या, लोक ओरडतायत, गाणारा काहीतरी आभाराचं बोलतो, पुन्हा टाळ्या, मग खुर्च्या सरकल्याचे आवाज. संपलं. दुसरी रात्र. तेच. फक्त टाळ्या जास्त. तिसऱ्या रात्री लोकांनी त्यांना परत बोलावलं आणि त्यांनी आणखी एक गाणं वाजवलं जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. भाऊ मात्र पुढे झुकून बसला होता, हातात हात घट्ट धरून. गाणं संपलं. टाळ्या. माइक बंद केल्याचा टक् आवाज. बाजा नव्हता.

"परत लाव," तो म्हणाला.

परत लावलं. नव्हता.

"पुस्तकात बघ काय लिहिलंय." खोक्यात जाडसर पुस्तक होतं, फोटो आणि माहितीचं. मी चाळलं. कुठल्या रात्री काय वाजलं, क्रमाने सगळं होतं, आणि वाजलेलं सगळं ह्यात आहे असं स्वच्छ लिहिलं होतं. मी त्याला वाचून दाखवलं. तो उठून गच्चीवर गेला आणि बिबड्यांकडे बघत उभा राहिला. त्याला तसा उभा मी आई गेली तेव्हा पाहिला होता, म्हणून मी हाक मारली नाही.

मी सीडी पहिल्यापासून लावली. बाजा नसला तरी तीन रात्री होत्या, आणि त्या मी ऐकणारच होते. आणि काय ऐकलं. पहिल्या रात्री गिटारवाला सूर लावत बसतो, कुणीतरी माइकमध्ये खोकतं, गाणारा एक ओळ विसरतो आणि हसतो. जो गिटारचा तुकडा मला तोंडपाठ आहे, तो पहिल्या रात्री गिटारवाला चाचपडत वाजवतो. दुसऱ्या रात्री भलतीकडेच जातो, परतायला वाट सापडत नाही, ड्रमवाला त्याला हाकत परत आणतो. तिसऱ्या रात्री तोच तुकडा असा उतरतो की त्याला काही शोधावंच लागत नाही. अल्बममध्ये होता तो हाच. मला वाटायचं तो माणूस असाच वाजवतो. पहिले दोन बिबडे वाकडे, मग हात बसतो. लोक म्हणतात की वाढवलेल्या आवृत्तीत नुसता कचरा भरतात. म्हणोत. वाकडे बिबडे बघितल्याशिवाय तिसऱ्याचं काय कळणार? मी घामाने निथळत होते आणि खुर्चीवर बसवत नव्हतं. मालकांनी पेपर कधीच खाली ठेवला होता.

"हा तिसऱ्यांदा वाजवतो तो बरा आहे," ते म्हणाले.

मग मला एक गोष्ट जाणवली. तिन्ही रात्रींच्या टाळ्या हॉलमधल्या होत्या. टाळी पडते आणि भिंतीवरून परत येते. आमच्या कॅसेटमधल्या टाळ्या परत येत नाहीत. त्या उघड्यावरच्या आहेत.

मी गच्चीवर गेले. "कॅसेट आणलीस का?"

त्याने शर्टाच्या खिशातून काढून दिली. माझा जुना टेप चालू स्थितीत आहे. त्याचा पट्टा मी स्वतः बदलते. दुसऱ्या बाजूचा शेवट लावला. टाळ्या, खरखर, आणि तो बाजा. टाळ्या कोरड्या, उघड्यावरच्या. ड्रमखाली पायाने वाजवायचा मोठा ड्रम कुठेच नाही. आणि कुत्रं.

"हॉलमध्ये कुत्रं?" मालक म्हणाले.

आम्ही तीस वर्षं ते कुत्रं ऐकलं होतं.

"कॅसेटवाल्या नानांना फोन लाव," मी म्हटलं. ते आता म्हातारे झालेत, दुकान कधीच बंद झालं, पण धुळ्यात बँडवाल्यांचं आणि त्यांचं अजून चांगलं आहे. भावाने फोन स्पीकरवर टाकला आणि बाजा थोडा वाजवून दाखवला. विचारलं, नाना, हे कुठल्या रात्रीचं?

पलीकडे आधी खोकला, मग हसणं. नानांची अहिराणी मात्र तशीच लिहिते.

"अरे येडा, तो इंग्रजी नही शे. तो आपलाच शे. पिंपळनेरकडला एक लग्नमा मी सोता टेप करेल शे. सांबळ शे तो, सांबळ."

भाऊ कॅसेट उलटसुलट करून बघत होता. म्हणून मी विचारलं, मग आमच्या कॅसेटमध्ये कसा आला?

"टेप रिकामी राहिनी ते गिऱ्हाईक भांडाले ये. पैसा पुरा ल्या नि टेप अर्धी दिधी, असं म्हने. मंग जे हातमा सापडे ते भरी देऊ."

म्हणजे अल्बम संपला, टेप उरली, आणि नानांनी उरलेल्या जागेत लग्नातला सांबळ भरला होता. गिऱ्हाइकाने कटकट करू नये म्हणून. आम्ही कटकट केली नाहीच.

भावाला अचानक आठवलं. "अक्का, पिंपळनेरच्या एका लग्नात मी हा वाजवला होता. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, हा आमचा बाजा आहे. मी त्याला म्हटलं, बाबा, हा विलायतचा आहे. तो निघून गेला. मला वाटलं, थोडी घेतली असेल."

"त्याने नव्हती घेतली," मालक म्हणाले.

भावाचा चेहरा उतरलेला होता तो आता वेगळाच झाला. लाज होती, पण तिच्या मागून दुसरं काही येत होतं. सांबळ म्हणजे जोडीचे दोन ढोल, एक बारीक आवाजाचा, एक घुमणारा. तो टेबलावर दोन्ही हातांनी ठोके धरायला लागला आणि म्हणाला की बारीक आवाजासाठी मी इतकी वर्षं ड्रमचं चामडं ताणून ताणून फाडलं, हे दोन वेगळे आहेत हे कळलंच नाही. मग एकदम फोनकडे वळून विचारलं, "नाना, हा संपतो कसा? माझी टेप अर्ध्यातच सरते."

"टेप सरनी, बाजा नही सरना. तो काय संपत नही. नवरदेवना पाय मांडवमा पडना का बंद. तोवर चालूच."

फोन ठेवला. मालकांनी कूलर लावला, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

शेवट असा नव्हताच. नवरदेव आत गेला की थांबायचं. भाऊ आता उभा राहून बोलत होता, खूप भरभर, आमच्या डोक्यावरून. म्हणजे किती वेळ वाजवायचं ते आपल्या हातात नाही. म्हणजे वर पोचल्यावर परत खाली यायचं, परत वर जायचं, दम टिकवायचा. म्हणजे तोडायचं नाही, थांबायचं, आणि ते त्याच क्षणी. आणि मग तो थांबला.

"पण टेम्पोवरून मला नवरदेवाचा पाय दिसत नाही. मध्ये सगळी नाचणारी असतात."

"मी उभी राहते दाराशी," मी म्हटलं. "पाय आत पडला की हात वर करते. टेम्पोवरून माझा हात दिसेल?"

"दिसेल. लवकर करू नको."

"मी कधी लवकर केलंय?"

"उशीरही करू नको."

"जा, बिबड्यांचा कपडा उलटव. वाळले असतील."

तो संध्याकाळच्या बसने धुळ्याला गेला. मी तिसरी रात्र पुन्हा लावली आणि तेवढ्यात बिबडे काढले, कपड्याला मागून पाणी शिंपडून. डबा भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने भडगावला गेले. गिरणेच्या पुलावरून आत शिरताना भोंग्यांचा आवाज आलाच. मी थेट मांडवाच्या दाराशी जाऊन उभी राहिले, नारळाच्या पानांच्या कमानीखाली, जिथून टेम्पोवर बसलेला भाऊ दिसत होता. वरात आली. मांडवाच्या थोडं अलीकडे गाणी बंद झाली, ट्रम्पेट खाली गेलं आणि ड्रम सुरू झाला. त्याने रातोरात दोन ड्रम वेगळे लावले होते, एक बारीक, एक घुमणारा. नेहमीच्या जागी लोक थांबायच्या तयारीत होते. तो थांबला नाही. जी माणसं टाळ्या थांबवून घाम पुसायला लागली होती ती गोंधळली, आणि मग काहीतरी नवीन चाललंय हे कळल्यावर तिथे जे नाचणं सुरू झालं ते मी आजवर लग्नात पाहिलेलं नाही. ट्रम्पेटवाला नवरदेवाचा बाप असूनही ट्रम्पेट बगलेत मारून नाचत होता.

नवरदेव घोड्यावरून उतरला. दाराशी आला आणि त्याच्या मित्रांनी त्याला परत मागे ओढून नेलं. पुन्हा आला, पुन्हा नेलं. भटजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बाई, मुहूर्त टळेल. त्यांना थांबायला सांगा."

"नवरदेवाला आत यायला सांगा," मी म्हटलं. "तो आला की ते थांबतील."

"तुम्ही कोण?"

"ड्रमवाल्याची बहीण."

भावाचा चेहरा लाल झाला होता, उजवा खांदा जरा खाली गेला होता, पण ठोका घसरला नाही. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. डोळे माझ्यावर. भटजींनी शेवटी स्वतः जाऊन नवरदेवाचा हात धरला आणि त्याला आणला. त्याच्या बुटावर नजर ठेवून मी उभी होते. बूट कमानीखाली आला, थबकला, कारण कुणीतरी फोटो काढत होतं. मी हात खालीच ठेवला. मग पाय आत पडला.

मी हात वर केला. ड्रम तिथल्या तिथे थांबला. मी हात खाली घेतला, गर्दीतून वाट काढत टेम्पोपाशी गेले, पिशवीतून बामची बाटली काढली आणि भावाला शर्टाची बटणं सोडायला सांगितली.